सोमवारची भाकरी

हौसाबाईंच्या वजनाची गोष्ट सांगायची तर साबुदाण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि साबुदाण्याची सांगायची तर शिंगणापूरच्या शंभू महादेवापासून. पण महादेव काही कुठे पळून जात नाही. आधी आपण इस्पितळातल्या वजनकाट्यापाशी जाऊ, कारण फेब्रुवारीतल्या त्या सकाळी हौसाबाई तिथेच उभ्या होत्या. चपला काढलेल्या, स्वेटर काढलेला, पिशवी खुर्चीवर, आणि हातातल्या पाटल्या काढाव्यात की राहू द्याव्यात या विचारात.

पाटल्या काढून काही उपयोग झाला नसता. काटा मागच्या वेळेपेक्षा पुढे गेला होता.

"माताजी, ये तो फिर बढ़ गया," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान त्या खोलीत कुणालातरी काहीतरी वाटतंय असं झालं असतं.

प्रकरण साधं होतं. हौसाबाईंचे यजमान, सुभेदार धोंडीराम, यांच्या दोन्ही किडन्या ब्लडप्रेशरने खाल्ल्या होत्या आणि तीन वर्षं ते डायलिसिसवर होते. मुलगी बेळगावला, तिचा ब्लड ग्रुप जुळला नाही. हौसाबाईंचा ओ, म्हणजे सगळ्यांना चालणारा. वय सत्तावन्न, तेही चालणारं. चालत नव्हतं ते फक्त वजन. पंच्याहत्तरच्या खाली आल्याशिवाय सर्जन त्यांच्या अंगाला सुरी लावणार नव्हता, कारण एक किडनी काढून घेतल्यावर उरलेल्या एकटीने एवढा देह कसा ओढायचा. दोनदा त्या पंच्याहत्तरच्या दिशेने निघाल्या होत्या आणि दोनदा अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या. ही तिसरी खेप.

आज डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सुभेदारांचं हृदय थकत चाललं होतं. उन्हाळा संपायच्या आत ऑपरेशन झालं तर झालं, नंतर कदाचित त्यांनाच ते झेपणार नाही, मग हौसाबाई काडीसारख्या झाल्या तरी उपयोग नाही.

"समझ रही हैं ना?"

"हां जी," हौसाबाई म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

समजलं सगळं होतं. वाटलं मात्र काही नाही. हे त्यांचं हल्लीचंच होतं. तीन वर्षांपूर्वी किडन्या गेल्याचं ऐकलं तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला होता तो गॅसवर ठेवलेल्या डाळीचा. किडनी कोण देणार असं विचारलं तेव्हा शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशा त्या "देते की" म्हणाल्या होत्या. मग इस्पितळातल्या एका बाईने समोर बसवून विचारलं होतं, "आप दिल से दे रही हैं ना? कोई दबाव तो नहीं?" दबाव नव्हता. पण घरी येताना रिक्षात त्यांनी ते 'दिल' शोधून पाहिलं आणि तिथे काही हाताला लागेना. नवऱ्यावर राग नव्हता, माया आहे की नाही तेही कळत नव्हतं. नोकरीची वर्षं तो सीमेवर आणि त्या कधी गावी, कधी छावणीतल्या क्वार्टरमध्ये. पेन्शन आली तर मानेसरच्या कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी, पहाटे कंपनीच्या बसने जायचं, रात्री यायचं. जाणारा माणूस म्हणूनच त्या त्याला ओळखत होत्या. तो घरी राहायला आला तो आजारी होऊन आला.

आता मागच्या दोन खेपांचं सांगतो, नाहीतर कुणाला वाटायचं बाई आळशी होती. आळशी अजिबात नव्हती.

पहिल्या खेपेला सगळं छान चाललं होतं. दिल्लीत विमानतळाजवळ पालमला त्यांचं घर, घरामागे एक पार्क आहे, एका कडेला व्यायामाची ती पिवळी-निळी लोखंडी यंत्रं बसवलेली. खालच्या मजल्यावरच्या ममताला बरोबर घेऊन हौसाबाई तिथे चालायला लागल्या. ममता रोहतककडची, तोंडाचा पट्टा चालू असला की पायांची गती आपोआप वाढणारी. आणि बाकावर धोंडीराम. ते पलटणीत पीटीचे उस्ताद होते, हजारो जवान त्यांनी पळवलेले, मग एका बायकोचं काय घेऊन बसलात. डोक्यावरून विमान गेलं की आवाज थांबायचा, विमान गेलं की पुन्हा सुरू. "तेज चल. हात हलव, हौसा. हात काय कमरेला टांगलेत?" पार्कातली माणसं हसायची. हौसाबाईंना लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. त्या चालत राहिल्या आणि वजन उतरलं.

मग नोव्हेंबर आला आणि दिल्लीवर धुराचं झाकण बसलं. समोरची बिल्डिंग दिसेना. डॉक्टर म्हणाले, बाहेर पडू नका. घरातल्या घरात चाला म्हणाले. दोन खोल्यांत माणूस चालणार किती, पलंगाला वळसा घातला की फ्रिज येतो. तेवढ्यात धोंडीरामांना इन्फेक्शन झालं, ते महिनाभर भरती. हौसाबाई इस्पितळाच्या बाकावर, कॅन्टीनचा सामोसा आणि चहा. जानेवारीत काट्यावर उभ्या राहिल्या तर ये रे माझ्या मागल्या.

दुसऱ्या खेपेला त्यांनी देवालाच हाताशी धरलं. सोमवार त्या वर्षानुवर्षं करत होत्याच, तो आता निर्जळी करायचा ठरवला. दिवसभर पोटात काही नाही म्हणजे वजनही उतरेल आणि महादेवही पावेल, एका दगडात दोन पक्षी. पक्षी राहिले बाजूला. तिसऱ्या की चौथ्या सोमवारी चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या व्यायामाच्या यंत्रावरच कोसळल्या. गुडघ्याला प्लास्टर. त्या वेळी मात्र डॉक्टर रागावले होते. "जो किडनी देनी है, उसी को प्यासा मार रही हैं?" उपाशीपोटी चालायचं नाही आणि पाणी सोडायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

हौसाबाईंनी कानाला खडा लावला. निर्जळी बंद. पण उपास बंद करा असं कुठे कोण म्हणालं होतं? प्लास्टर निघालं, चालणं पुन्हा सुरू झालं, आणि वजन काही हलेना. मग त्यांनी सोमवारच्या जोडीला गुरुवार धरला. तरी हलेना, तेव्हा एकादशी. मग संकष्टी. मग शनिवार. काटा जसजसा हटून बसला तसतसे उपास वाढत गेले. वजन म्हणजे काही जावई नव्हे, जास्त मानपान केला की खूश होऊन परत जायला. पण हे त्यांना कोण सांगणार.

सांगितलं रेवतीने. डॉक्टरांनी त्या दिवशी त्यांना खालच्या मजल्यावर आहाराच्या बाईकडे पाठवलं. 'बाई' म्हणजे पंचविशीतली मुलगी, नांदेडची, मुनिरक्याला खोली घेऊन राहणारी. हौसाबाईंच्या कपाळावरचं कुंकू आणि साडीची नेसण पाहून ती सरळ मराठीतच बोलली.

"मावशी, काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

"काल? काही नाही गं. काल गुरुवार. उपास."

"म्हणजे काहीच नाही?"

"फराळाचं तेवढं. सकाळी खिचडी वाटीभर. म्हणजे मोठी वाटी. दुपारी वरीचा भात अन् दाण्याची आमटी. चार वाजता रताळं उकडलं होतं. मग रात्री उपास सोडायचा म्हणून जरा गोडाचा शिरा."

"आणि परवा?"

"परवा नव्हता उपास. परवा दोन पोळ्या, दोडक्याची भाजी, डाळ."

रेवतीने पेन खाली ठेवलं. "मावशी, एकादशी अन् दुप्पट खाशी हे ऐकलंय ना तुम्ही?"

"मीच म्हणते की सगळ्यांना."

"मग हे आठवड्यातून चारदा चाललंय. साबुदाणा, दाणे, रताळं, शिरा. उपास नसतो त्या दिवशी तुम्ही बरोबर जेवता आणि उपास असतो त्या दिवशी वजन वाढवता." ती हसली नाही. तिने तिच्या आजीचं असंच पाहिलं असावं. "उपास सगळे बंद करा. रोज भाकरी, भाजी, डाळ. रोज एकसारखं. आणि चालणं. उन्हाळा संपेपर्यंत व्हाल पंच्याहत्तर. मी आहे ना."

"बाकीचे सोडते," हौसाबाई म्हणाल्या. "सोमवार नाही सोडता यायचा."

"का?"

हौसाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. ते उत्तर त्यांचं नव्हतंच, धोंडीरामांचं होतं.

तर आता महादेवाकडे येऊ. कारगिलच्या वर्षी धोंडीराम वर डोंगरावर होते. एका दुपारी बंकरमधून ते पाणी आणायला खाली उतरले आणि मागे गोळा पडला. आतले तिघेही गेले. धोंडीराम डबा हातात घेऊन उभे होते, डब्यातलं पाणीसुद्धा सांडलं नव्हतं. त्या दिवशी सोमवार होता. गावाकडे बायको शिंगणापूरच्या महादेवाचा उपास धरते हे त्यांना ठाऊक होतं. तिथून पुढे त्यांनी दुसरं काही मानलं नाही, पण हौसाचा सोमवार मानला. पलटणीत ती गोष्ट झाली. पोरगेले जवान घरी फोन करून बायकांना सांगू लागले, सोमवार धर, उस्तादांच्या बाईने धरलाय तसा. पंचवीस वर्षं हा माणूस छातीवर चिलखत घातल्यासारखा तो सोमवार घालून फिरत होता. आणि हौसाबाई? त्यांना कधीच काही साक्षात्कार वगैरे झाला नव्हता. सासूने सांगितला म्हणून धरला, नवऱ्याने मानला म्हणून चालू ठेवला. पोळ्या लाटाव्यात तसा.

संध्याकाळी त्यांनी रेवतीचं म्हणणं सांगितलं. धोंडीराम पलंगावर पाय वर ठेवून बसले होते.

"गुरुवार सोड, शनिवार सोड," ते म्हणाले. "बिल्कुल सोड. मी कधी म्हटलं होतं धर म्हणून? पण सोमवार नको."

"सोमवारी तुमचं डायलिसिस. सकाळी चालून यायचं, मग चार तास तिथं बसायचं, मग बस धरायची. काही न खाता होत नाही आता. अन् फराळाचं खाल्लं की काटा हलत नाही."

"फळं खा."

"बघते."

दोन सोमवार त्यांनी पेरूवर काढून पाहिले. इस्पितळात दुपारी भूक आवरेना, आणि रात्री उपास सोडायला बसल्या की हात थांबेना. धोंडीराम बघत होते आणि पातेल्याचा तळ दिसत होता. बाकीचे उपास गेले त्याने काटा थोडा खाली सरकला होता, पण सोमवार आला की मंगळवारी तो पुन्हा जिथल्या तिथे. मार्च संपत आला. रेवतीने नुसतं कॅलेंडरकडे पाहिलं.

"अहो, सोमवारचं काय करायचं?" घरी येऊन त्यांनी विचारलं.

धोंडीरामांनी पलंगावरून पाय खाली घेतले. मग म्हणाले, "तू हसशील."

"मी कधी हसते?"

ते खरंच होतं. "मला भीती वाटते हौसा," ते म्हणाले. "गोळ्याची कधी वाटली नाही. त्या मशीनला जोडतात ना, रक्त बाहेर जातं, तेव्हा वाटते. मग मी मनात म्हणतो, आज सोमवार आहे, हौसाचा उपास आहे, काही होत नाही. बुधवारी म्हणतो, परवाच सोमवार होऊन गेला. शनिवारी म्हणतो, परवा येतोय. असं पार करतोय मी. तो तू काढून घेतलास तर मी तिथं काय धरून बसू?"

एवढं सलग ते लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असतील. हौसाबाईंना कळत होतं की यावर आपल्याला भरून यायला पाहिजे. त्यांनी थोडी वाट पाहिली. काही आलं नाही. "भात लावते," म्हणून त्या उठल्या.

त्या रविवारी संध्याकाळी धोंडीराम म्हणाले, मीही चालतो आज. पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट त्यांनी काढले. पाय सुजलेले, बूट कसेबसे चढले, नाड्या काही बांधता येईनात, त्या तशाच लोंबत्या ठेवल्या. ममताने "वाह उस्ताद जी" म्हणून घेतलं. पहिल्या झाडापर्यंत ते ताठ चालले. दुसऱ्या झाडापाशी हळू झाले. तिथून पुढे लहान मुलांच्या घसरगुंडीपर्यंत जाऊन ते थांबले आणि कडेच्या सिमेंटवर बसले. तोंडाने श्वास घेत होते. हौसाबाई परत वळून त्यांच्यापाशी आल्या.

"तू थांबू नको," ते म्हणाले. "थांबलीस की नाडी उतरते. चल."

त्या चालत राहिल्या. दर फेरीला घसरगुंडीपाशी तो माणूस दिसायचा, नाड्या सुटलेला, तोंड उघडं. एका फेरीला त्याने हात वर करून 'तेज चल' अशी खूण केली, आवाज निघत नव्हता म्हणून. हौसाबाई तेज चालल्या. उन्हाळा लागला होता, मोगऱ्याचे गजरे घेऊन पोरं गेटावर उभी होती, आणि त्यांच्या डोक्यात एकच हिशेब घोळत होता की सोमवार असाच राहिला तर माझं वजन उतरेल तेव्हा हा माणूस नसेल. त्या हिशेबानेही काही रडू वगैरे आलं नाही. नुसता हिशेब होता. पण तो बरोबर होता.

सोमवारी सकाळी त्या चालून आल्या, अंघोळ केली, देव्हाऱ्यापाशी उभ्या राहिल्या. महादेवाला बेल वाहिला. हात जोडले आणि म्हणाल्या, "तू काय करायचं ते मला कर. त्यांना नको." एवढंच. मग स्वयंपाकघरात गेल्या, बाजरीचं पीठ मळलं आणि दोन भाकऱ्या थापल्या. मेथी निवडलेली होती, ती लसणाच्या फोडणीवर टाकली. सोमवारी लसूण. करायचंच आहे तर अर्धवट कशाला. डबा भरून पिशवीत टाकला आणि धोंडीरामांना म्हणाल्या, चला, उशीर होतोय.

डायलिसिसच्या खोलीत पलंगांची रांग असते. शंकर नावाचा टेक्निशियन, पाटण्याकडचा, सगळ्यांना अंकल म्हणणारा, त्याने धोंडीरामांच्या डाव्या हातात सुया घातल्या, नळ्या जोडल्या, मशीन सुरू केलं. रक्त नळीतून वर चढलं. धोंडीरामांनी नेहमीप्रमाणे वर छताकडे पाहिलं आणि ओठ हलवले. हौसाबाई स्टुलावर बसल्या.

दुपारी त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि मांडीवर ठेवला. झाकण उघडलं. लसणाचा वास बाजूच्या पलंगापर्यंत गेला.

धोंडीरामांनी मान वळवली. डब्यात काय आहे ते त्यांनी पाहिलं, मग हौसाबाईंकडे पाहिलं.

"आज सोमवार आहे," ते म्हणाले.

"माहितीये मला."

"हौसा."

"अहो, खाऊ द्या मला."

"बाहेर जाऊन खा. मला दिसू तरी नको."

"बाहेर खाल्लं असतं तर तुम्हाला कळलंच नसतं," हौसाबाई म्हणाल्या. "चोरून नाही खायचं मला."

आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. ज्याला सीमेवर कुणी हलवू शकलं नाही तो माणूस एका हाताने मशीनला बांधलेला, उठून डबा हिसकावूही शकत नव्हता, नजरही काढत नव्हता. हौसाबाईंनी पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तोंडात भाकरी नुसती फिरत होती, चव काही नव्हती, पण चव तर त्यांना कशालाच लागत नव्हती बरेच दिवस. एक भाकरी संपली. दुसरी त्यांनी अर्धी केली.

आणि मशीन ओरडलं.

लाल दिवा, ती कर्कश टीटी. नळी थरथरली. हौसाबाईंच्या हातातली अर्धी भाकरी डब्यात पडली. त्यांनी धोंडीरामांकडे पाहिलं आणि धोंडीरामांनी त्यांच्याकडे, आणि दोघांच्या मनात एकच गोष्ट आली, ती बोलायची कुणाला गरज नव्हती.

हौसाबाई घाबरल्या. तीन वर्षं जे कुठे लपून बसलं होतं ते सगळं एकदम वर आलं. तोंडातला घास तसाच राहिला. हा माणूस जाईल, या एवढ्याच गोष्टीची त्यांना भीती वाटली, आणि ती इतकी वाटली की त्या स्टुलावरून उठल्या आणि धोंडीरामांचं पाऊल दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. "शंकर," त्या ओरडल्या, "अरे शंकर, देखो इनको."

शंकर आला. त्याला घाई नव्हती. त्याने दिवा बंद केला, नळीवरून बोट फिरवलं आणि धोंडीरामांचा हात उचलून सरळ केला.

"अंकल, मुट्ठी क्यों बाँध ली? हाथ मोड़ेंगे तो ये चिल्लाएगी ना। खोलिए। आराम से।"

धोंडीरामांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ इतकी आवळलेली होती की नखं तळव्यात रुतली होती. एकेक बोट करून त्यांनी ती उघडली. मशीन पुन्हा हळू आवाजात चालू लागलं. शंकर पुढच्या पलंगाकडे गेला.

हौसाबाई स्टुलावर बसल्या. आता मात्र त्या रडत होत्या, आवाज न करता, पदर तोंडाला लावून. धोंडीराम छताकडे बघत होते. रक्त जात होतं, येत होतं. काही झालं नव्हतं. ते म्हणाले, "भीती वाटली तुला?"

हौसाबाईंनी हो म्हणून मान हलवली.

"मला वाटलं तुला काही वाटतच नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं," हौसाबाई म्हणाल्या.

धोंडीरामांनी मोकळ्या हाताने डब्याकडे बोट केलं. "ती अर्धी का टाकलीस?"

"राहू द्या."

"राहू द्या काय? उद्या चालायचंय ना तुला? उपाशी चालणार आहेस? संपव ती." आवाज बारीक होता पण उस्तादांचाच होता. "अन् चावून खा. ती पोरगी म्हणाली होती चावून खा म्हणून."

हौसाबाईंनी डोळे पुसले आणि अर्धी भाकरी उचलली. मेथी लावली, घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या.

"मीठच नाही हिच्यात," त्या म्हणाल्या.

"तीन वर्षं मी काय खातोय मग?"

त्यांना हसू आलं, ते त्यांनी घासाबरोबर गिळलं. एकच भाजी दोघांसाठी होत होती, धोंडीरामांच्या पथ्याची, बिनमिठाची. रोज त्याही तीच खात होत्या आणि आज कळलं. उरलेली भाकरी त्यांनी सावकाश संपवली. डबा धुवायला उठल्या तेव्हा धोंडीरामांनी डोळे मिटले होते, हात सरळ, मूठ उघडी.

"हौसा," ते डोळे न उघडता म्हणाले, "पुढच्या सोमवारी मेथी नको. सगळ्या वॉर्डात वास जातो. दोडक्याची कर."